गाड्यांचं टेबल नवीन मिळालंय? टॅग, टोल पास आणि पार्किंग स्टिकर कसे सांभाळायचे

ऑफिसात नवीन जॉइन झालात आणि पहिल्याच आठवड्यात साहेबांनी बोलावून सांगितलं की गाड्यांचं टेबल, म्हणजे सरकारी गाड्यांच्या नोंदींचं काम, तुम्ही बघा, तर फार खूश होऊ नका, आधीचा माणूस सुटला म्हणून ते तुमच्याकडे आलंय. मी कोकणातल्या दोन जिल्ह्यांत मिळून बरीच वर्षं हेच काम केलं, आधी कारकून म्हणून आणि मग अव्वल कारकून म्हणून, त्यामुळे कुठे पाय घसरतो ते माहितीये. बहुतेक ठिकाणी चोरी कमी आणि आळस जास्त असतो, नोंद लिहायची राहिली, परवानगी तोंडी घेतली, स्टिकर परत द्यायचा राहिला, आणि मग सहा महिन्यांनी ऑडिटला तीच गोष्ट चोरीसारखी दिसते.

सुरुवात यादीपासून करा. ऑफिसच्या प्रत्येक गाडीसमोर गाडी नंबर, टॅग (टोलसाठी काचेला लावतात तो फास्टॅग) कुठल्या बँकेचा, टॅगचा आयडी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या टॅगला मोबाईल नंबर कोणाचा जोडलाय ते लिहा. हे वाचायला किरकोळ वाटतं पण मी चार्ज घेतला तेव्हा एका जीपचा ओटीपी तीन वर्षांपूर्वी रिटायर झालेल्या साहेबांच्या मोबाईलवर जायचा, साहेब देवगडला आंब्याच्या बागेत, रेंज असेल तर फोन लागणार, लागला की आधी पंधरा मिनिटं यंदा मोहर कसा आहे ते ऐकायचं आणि मग ओटीपी मिळणार, तोपर्यंत त्याची मुदत संपलेली. तेव्हा टॅग ऑफिसच्या नावावर आणि नंबर ऑफिसच्या सिमचा, जो मोबाईल टेबलावरच राहील असा. ड्रायव्हरच्या नंबरवर टॅग असेल तर तो आधी बदलून घ्या, उद्या त्याची बदली झाली की स्टेटमेंटही त्याच्याबरोबर गेलं.

यादी करताना गाडीपाशी जाऊन बघा टॅग काचेला चिकटवलेला आहे का. काही ड्रायव्हर मंडळी तो डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवतात आणि नाका आला की हातात धरून दाखवतात, असा सुटा टॅग दुसऱ्या गाडीत पण चालवता येतो म्हणून आपल्याला तो नकोच, शिवाय जुलै २०२५ पासून राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने असे सुटे टॅग ब्लॅकलिस्ट करायचं धोरण आणलंय. आपल्याकडे आणखी एक भानगड असते, गाडी माडाखाली लावायची, नारळ पडणार, काच फुटणार, नवीन काच बसणार आणि टॅग जुन्या काचेबरोबर भंगारात जाणार. काच बदलली की त्याच दिवशी टॅग बदलायला टाका आणि जुना बंद करून घ्या.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. गाडीवर महाराष्ट्र शासन लिहिलंय म्हणजे टोल माफ, असं अर्ध्या ऑफिसला वाटतं. तसं नाहीये. राष्ट्रीय महामार्गांसाठी २००८ चे फी नियम आहेत आणि त्यातल्या नियम ११ मध्ये माफी कोणाला ते लिहिलंय. राष्ट्रपतींपासून आमदार-खासदारांपर्यंतची यादी आहे, ती आपल्या कामाची नाही. आपल्या कामाचं एवढंच की ड्युटीवरचे गणवेशातले पोलीस, कार्यकारी दंडाधिकारी, अग्निशमन, अँब्युलन्स, शववाहिका, आणि महामार्गाचीच पाहणी, सर्व्हे किंवा बांधकाम करणाऱ्या सरकारी खात्याची त्या कामावरची गाडी. म्हणजे तहसीलदार किंवा प्रांतसाहेब सरकारी कामावर गाडीत असतील तर ते कार्यकारी दंडाधिकारी म्हणून बसतात, पण कृषी खात्याची किंवा पंचायत समितीची गाडी बसत नाही, आणि प्रांतसाहेबांच्याच गाडीतून एखादा लिपिक एकटा फाईल घेऊन मुंबईला गेला तर तिथे प्रश्न येतोच. माफीवाल्या गाड्यांना वेगळा झिरो ट्रान्झॅक्शनचा टॅग मिळतो, त्याचा अर्ज प्राधिकरणाकडे जातो. तुमच्या ऑफिसात असा टॅग असेल तर त्याची नोंदवही वेगळी ठेवा, कारण त्यात पैसे कटत नाहीत म्हणून कोणी बघत नाही, आणि जिथे कोणी बघत नाही तिथेच गाडी रविवारी फिरते.

बाकी सगळ्या गाड्यांना टोल भरायचा आहे, तर तो टॅगमधून भरला जाईल एवढं बघा. १५ नोव्हेंबर २०२५ पासून आलेल्या नियमात टॅग बंद पडला असेल आणि नाक्यावर रोख दिले तर दुप्पट, यूपीआयने दिले तर सव्वापट असं ठरलं. हा जादा पैसा बिलात टाकला की ऑडिटवाले विचारणार, बॅलन्स का नव्हता, आणि त्याचं उत्तर तुमच्याकडेच मागणार. नाक्याच्या रांगेत उभं राहून रिचार्ज करायची सवय पण मोडा, १७ फेब्रुवारी २०२५ पासून असं आहे की टॅग वाचायच्या आधी तासाभरापासून बंद असेल आणि वाचल्यानंतर दहा मिनिटांतही बंदच राहिला तर व्यवहार नाकारला जाऊ शकतो. म्हणून दौरा ठरला की आदल्या दिवशी बॅलन्स बघायचा, टेबलावर चिठ्ठी चिकटवून ठेवा. रिचार्ज ड्रायव्हरला स्वतःच्या खिशातून करायला लावू नका, एप्रिल-मे मध्ये अनुदान आलेलं नसतं, त्याचे पैसे अडकतात आणि मग तो दुसरीकडून भरून काढायला बघतो, यात त्याची चूक किती आणि आपली किती. आणि ३१ मार्चला पैसे उरले म्हणून टॅगमध्ये मोठी रक्कम भरून ठेवायची हुशारी कोणी शिकवली तर ऐकू नका, लगेच लागणार नाहीत असे सरकारी पैसे काढून ठेवणं हे बसतच नाही.

आता मुख्य काम, दर महिन्याचं. तीन कागद शेजारी ठेवायचे. टॅगचं स्टेटमेंट, गाडीचं लॉगबुक, आणि दौऱ्याची मंजुरी. प्रत्येक टोलच्या ओळीसमोर लॉगबुकातली ओळ आणि मंजुरीचा जावक नंबर. बस, एवढंच काम आहे, पण ते पाच तारखेच्या आत झालं पाहिजे, कारण दोन महिने गेले की कोणाला काही आठवत नाही आणि मग लॉगबुक मागून लिहिलं जातं, एकाच पेनाने, एकाच दाबाने, एका बैठकीत लिहिलेला महिना ओळखायला काही फार अनुभव लागत नाही.

पुण्या-कोल्हापूरकडच्या ऑफिसात हे काम डोकेदुखीचं असतं कारण तिकडे गाडी जरा हलली की टोल. आपल्याकडे उलटं आहे. मुंबई-गोवा महामार्ग, म्हणजे आताचा ६६ नंबर आणि आपल्या तोंडातला १७ नंबर, त्याच्यावर टोलनाके मोजकेच, आणि जे आहेत त्यांच्यावरूनही वाद, ओसरगावला एमएच ०७ च्या, म्हणजे सिंधुदुर्गच्या, गाड्यांना माफी द्या म्हणून आंदोलनं झाली, हातिवलेला पण झाली. त्यामुळे रत्नागिरी किंवा ओरोसच्या गाडीच्या स्टेटमेंटमध्ये महिन्याला चार-सहा ओळी असतात. याचे दोन अर्थ. एक, प्रत्येक ओळ मोलाची आहे, कारण टोल कटला म्हणजे बहुतेक वेळा गाडी जिल्ह्याबाहेर गेली, आणि जिल्ह्याबाहेर गेली म्हणजे मुख्यालय सोडायची परवानगी पाहिजे. दोन, स्टेटमेंट कोरं आहे म्हणजे गाडी उभी होती असं नाही, रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला रोज जाऊन आलात तरी टॅगला पत्ता लागणार नाही. तिथे लॉगबुकाचं रीडिंग आणि डिझेलच्या पावत्याच बघाव्या लागतात.

रस्ते डोक्यात पाहिजेत. समजा दौरा कोकण भवनला, म्हणजे बेलापूरला, आयुक्तांकडे बैठक. पनवेलवरून बेलापूर खाडीच्या अलीकडेच आहे, तिथे जायला अटल सेतू लागत नाही. आणि स्टेटमेंटमध्ये अटल सेतूची ओळ दिसली तर गाडी मुंबईत गेली. लगेच नाक मुरडू नका, कदाचित साहेबांना ऐनवेळी मंत्रालयातून फोन आला असेल, होतं असं, फक्त लॉगबुकात त्या दिवशी एक ओळ पाहिजे की अमुक यांच्या दूरध्वनीनुसार पुढे मंत्रालयात. अटल सेतूचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ ला झालं, कारला एका बाजूचे २५० आणि जाऊन-येऊन ३७५ असा दर ठरला, म्हणजे दोन फेऱ्यांचे ५०० कोणी मागत असेल तर स्टेटमेंट उघडा. आणि वाशीचा टोल तर १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून हलक्या वाहनांना माफच आहे, मुंबईच्या पाचही प्रवेश नाक्यांवर, तरी त्यानंतरच्या तारखेच्या एका बिलात वाशीचा टोल लावलेला मी स्वतः बघितलाय, जुन्या बिलावरून कॉपी मारलेली, तारीख बदलली आणि टोल बदलायचा राहिला.

परतीचं गणित पण लक्षात ठेवा, राष्ट्रीय महामार्गावर चोवीस तासांत परत आलात तर दोन्ही मिळून दीडपट. समजा एका बाजूचे ९० तर परतीसकट १३५, १८० नाही. टॅग हे आपोआप करतो, माणूस करत नाही.

घाट चढून जाणाऱ्या गाड्यांचं वेगळं. चिपळूणहून कुंभार्लीने कराडला उतरून पुण्याला गेलात तर तासवडे, आणेवाडी, खेड-शिवापूर हे नाके क्रमाने दिसले पाहिजेत, पहिला एकच दिसत असेल आणि पुढचे नसतील तर गाडी साताऱ्यातच थांबली का विचारा. नुसतं विचारा.

आणि फेरीबोट! हे घाटावरच्या ऑडिटरला समजावताना नेहमी मजा येते. दापोलीहून गुहागरला जायचं तर दाभोळ–धोपावे बोटीने गाडी पलीकडे, नाहीतर चिपळूणला वळसा. तसंच वेसवी–बागमांडला, जयगड–तवसाळ, दिघी–आगरदांडा. तिथे कागदाचं तिकीट मिळतं, ते लॉगबुकाला टाचलं पाहिजे. आता गंमत कुठे होते तर बिलाला बोटीचं तिकीट पण जोडलेलं आणि लॉगबुकात किलोमीटर मात्र चिपळूणच्या वळशाचे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. ही चूक ज्याला पकडता येते तो हे टेबल शिकला म्हणायचं. तिकीट पावसात भिजून लगदा होतो म्हणून ड्रायव्हरला सांगून ठेवा, बोटीवरच मोबाईलमध्ये फोटो काढायचा.

वेळ बघताना एक सांभाळा, हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतोय. स्टेटमेंटमध्ये दोन वेळा असतात, एक गाडी नाक्यावर वाचली गेली ती आणि एक पैसे कटल्याची नोंद झाली ती. नवीन असताना मी दुसरीच वेळ धरली, रात्री १ वाजून ४० मिनिटं, आणि आमच्या ड्रायव्हर मामांना सगळ्यांसमोर विचारलं की मध्यरात्री गाडी कुठे नेली होती. मामा मालवणकडचे, शांतपणे म्हणाले, "भाऊसाहेब, मी तेव्हा घराकडे निजललंय हो." नंतर नीट बघितलं तर नाका ओलांडला संध्याकाळी साडेसहाला, साहेबांना घेऊनच. माफी मागितली, पण त्या माणसाने पुढे वर्षभर मला चहा विचारला नाही. तेव्हापासून नियम केला, आधी दोन्ही रकाने बघायचे, मग एकट्याला बोलावून विचारायचं. कधीकधी तर गाडी ऑफिसच्या आवारात उभी आणि टोल भलत्याच नाक्यावर कटलेला असतो, अशा वेळी टॅग देणाऱ्या बँकेकडे तक्रार किंवा १०३३ या महामार्ग हेल्पलाइनला फोन, नाक्यावर गाडीचा फोटो निघतो त्यामुळे निकाल लागतो.

स्वतःच्या गाडीने दौऱ्यावर जाणाऱ्यांच्या टीए (प्रवासभत्ता) बिलाकडे येऊ. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी कार-जीपसाठी वार्षिक पास निघाला, सुरू झाला तेव्हा ३००० रुपयांत वर्षभर किंवा २०० फेऱ्या, यातलं जे आधी संपेल ते. भागाकार केला तर त्या दराने फेरीला १५ रुपये पडायचे. आता ज्याच्याकडे हा पास आहे त्याने नाक्यावरच्या बोर्डाचा दर लावून बिल दिलं तर ते पैसे त्याच्या खात्यातून गेलेलेच नाहीत. म्हणून नाक्याचा बोर्ड बघून बिल पास करू नका, त्या दिवसाची टॅगची ओळ मागा, पासवाल्याला तिथे पैसे कटल्याचं दिसणार नाही. पासचे पैसे ऑफिसने द्यायचे का, तर त्यातल्या बाकी फेऱ्या घरच्या असणार, माझं मत विचाराल तर देऊ नयेत, पण ते साहेबांच्या लेखी आदेशावर सोडा. हा पास राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय एक्सप्रेसवेवरच चालतो, अटल सेतू आणि मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला चालत नाही, तिथला टोल खरंच खिशातून जातो, तो नाकारू नका. आणि हो, मागायचं ते फक्त दौऱ्याच्या दिवसाचं. कर्मचाऱ्याचं अख्ख्या महिन्याचं खासगी स्टेटमेंट मागणारे मी पाहिलेत, तो शनिवारी सासुरवाडीला गेला का कुठे गेला याच्याशी आपल्याला काय करायचंय.

नाक्याच्या २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना खासगी गाडीसाठी स्थानिक मासिक पास पण मिळतो, त्यालाही हेच लागू.

भाड्याच्या गाडीचा टॅग ठेकेदाराचा असतो, तो बिलात टोलची एकच गोळा रक्कम लावतो. गोळा रक्कम घेऊच नका, तारखेनुसार ओळी मागा. गाडी पिवळ्या पाटीची आहे ना तेही बघा.

गणपतीत मात्र डोळे उघडे ठेवा. दरवर्षी शासन कोकणात येणाऱ्या गाड्यांना टोलमाफी देतं, २०२५ ला २३ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर होती, गणेशोत्सव कोकण दर्शन असं लिहिलेला स्टिकर, वर गाडी नंबर आणि मालकाचं नाव, आरटीओ आणि पोलिसांकडून मिळतो, जाण्या-येण्याला तोच. या काळातलं टोलचं बिल आलं की दोनदा बघायचं, खरंच कटला असेल तर ओळ दिसेल. आणि तुमची नेमणूकच पास देणाऱ्या टेबलावर झाली असेल तर कोरे पास हे पैशासारखे मोजा. किती आले, कुठल्या नंबरपासून कुठल्या नंबरपर्यंत, रोज संध्याकाळी किती उरले. सही करून ठेवलेला कोरा पास कोणालाही, अगदी शेजारच्या शाखेतल्या ताईंनी वहिनींसाठी मागितला तरी, द्यायचा नाही. गाडी नंबर सांगा, लिहून देतो, एवढंच म्हणायचं.

आता पार्किंग. हे काम लहान वाटतं आणि भांडणं सगळ्यात जास्त इथेच. आधी जागा मोजा. खडू घेऊन मोजा, अंदाजाने नको. समजा आवारात चाळीस गाड्या बसतात तर चाळीस स्टिकर द्यायचे नाहीत, मंडणगडवरून सकाळी निघून कामाला आलेला माणूस गाडी कुठे लावणार? त्याच्यासाठी आणि दिव्यांगांसाठी जागा आधी बाजूला काढा, उरतील तेवढेच स्टिकर. अर्जाला आरसीची कॉपी आणि ओळखपत्र. गाडी नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल तर चालते, पण तसं लिहून घ्या.

स्टिकरवर गाडीचा नंबर आणि मुदत हाताने पक्क्या शाईत लिहा, आणि गोल शिक्का अर्धा स्टिकरवर अर्धा स्थळप्रतीवर (ऑफिसात राहणाऱ्या प्रतीवर) येईल असा मारा, कलर झेरॉक्सवाले यातच पकडले जातात. दरवर्षी रंग बदला. कागदाचा स्टिकर एका पावसाळ्यात संपतो, आपल्याकडे तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस, काचेच्या आतून दमट आणि बाहेरून धार, ऑगस्टमध्ये त्यावरचा नंबर वाचताच येत नाही आणि मग गेटवरचा शिपाई तोंड बघून गाड्या सोडतो. आतल्या बाजूने लावायचा, प्लास्टिकचा करून घ्या, खर्च थोडा जास्त पण एकदाच.

महिन्यातून दोनदा फेरी मारा, ठरलेल्या दिवशी नाही. साडेअकराच्या सुमाराला वही घेऊन आवारातल्या गाड्यांचे नंबर लिहून घ्यायचे आणि टेबलावर येऊन यादीशी जुळवायचे. काय काय सापडतं, बदली होऊन गेलेल्याचा स्टिकर भाच्याच्या गाडीवर, एकाच माणसाचे दोन स्टिकर, समोरच्या दुकानदाराची गाडी रोज आवारात. दुसरा प्रकार बाहेरचा, ऑफिसचा स्टिकर दाखवून रेल्वे स्टेशनच्या पे-पार्किंगला किंवा समुद्रावरच्या पार्किंगला पैसे न देणं. आवाराचा स्टिकर आवारापुरताच, असं स्टिकरवरच छापून टाका, तारकर्लीत हुज्जत घालायला जागा राहत नाही. खासगी गाडीवर महाराष्ट्र शासनची पाटी हा तर वेगळाच गुन्हा आहे, स्टिकर मिळाला म्हणजे पाटी लावायची परवानगी मिळाली असं नव्हे.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो, एका बदलीनंतर जुन्या ऑफिसचा स्टिकर माझ्या स्कूटरवर आठ महिने होता. नवीन कारकून मुलीने गाडीला चिठ्ठी लावली, "स्टिकर तात्काळ जमा करावा." राग आला होता आधी, खोटं कशाला बोलू. मग जाऊन जमा केला आणि पोच घेतली.

गडबड सापडली तर पुढे काय? आधी तोंडी विचारायचं, जमलं तर त्याच दिवशी. पटण्यासारखं उत्तर असेल तर लॉगबुकात किंवा नोंदवहीत त्याची ओळ घालून तारखेसह सही घ्या आणि विषय सोडा. उत्तर पटलं नाही तर टिपणी सादर करा, त्यात तारीख, वेळ, नाका, रक्कम, लॉगबुकाचं पान, एवढंच, गैरवापर, अपहार असले शब्द आपण वापरायचे नाहीत, ते साहेबांनी ठरवायचं. मग लेखी खुलासा, मग वसुली, आणि वारंवार होत असेल तर १९७९ चे वर्तणूक नियम आणि शिस्त व अपील नियम आहेतच. साहेबच गाडी नेत असतील तर? तेव्हाही टिपणी तीच, त्याच भाषेत, त्यांनाच सादर, आणि त्यांनी शेरा मारला किंवा नाही मारला तरी जावक नंबर पडलेला असला पाहिजे. लॉगबुक माहिती अधिकारात मागितलं जातं, आणि मागणारा माणूस अनेकदा तुमच्यापेक्षा नीट वाचतो.

बदल्यांचा हंगाम एप्रिल-मे, तेव्हा जाणाऱ्याच्या ना-देय (काही येणं बाकी नाही अशा) दाखल्यावर पार्किंग स्टिकर जमा असा रकाना वाढवून घ्या, रकाना असला की लोक आपणहून आणून देतात. तुमचीच बदली झाली तर चार्ज यादीत कोरे स्टिकर नंबरासकट मोजून, प्रत्येक टॅगचा त्या दिवसाचा बॅलन्स, बँकेच्या लॉगिनचा पासवर्ड बदलून बंद पाकिटात, आणि ऑफिसचं ते सिम मोबाईलसकट. नवीन माणसासमोर एक ओटीपी मागवून बघा, आला की मगच सही करा.